खुर्ची ओढून विचारलेला प्रश्न

डॉ. वसुधा देशमाने यांची आणि माझी पहिली भेट डायलिसिस विभागातल्या वजनकाट्यापाशी झाली. तंत्रज्ञ म्हणून चिंचवडच्या रुग्णालयात तो माझा पहिला दिवस होता. मॅडमनी माझा तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "आकडे सुबक लिहितेस. पेशंटकडेही बघत जा." मला ते आवडलं नव्हतं.

निघोज्याचे कोंडिबा आजोबा आठवड्यातून तीनदा येत. ऐंशीच्या घरातले. त्यांचा मुलगा, बाळासाहेब, त्यांना गाडीतून आणत. मला बघितलं की आजोबा म्हणत, "आलं पाटबंधारे खातं! आज किती पानी काढनार?" अंगात साठलेलं पाणी काढून पेशंटला ठरलेल्या वजनावर आणायचं, हे माझं काम. आजोबांचं वजन बावन्न किलो ठरलेलं होतं आणि दर वेळी मी ते बरोबर बावन्नवर आणत होते. तरी त्यांना आडवं झालं की दम लागायचा.

"मॅडम, वजन तर बरोबर आहे," मी म्हटलं.

मॅडमनी आजोबांचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "वजन तेवढंच आहे. माणूस कमी झालाय. उरलेलं पाणी आहे."

आजोबांचं अंग झिजत होतं आणि तेवढी जागा मी पाण्याला ठेवत होते. मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, 'ठरलेलं वजन उतरवायला माझ्याकडून उशीर झाला.' माझं नाव त्यात नव्हतं. त्याबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही.

वजन हळूहळू उतरवल्यावर दम कमी झाला. झीज मात्र थांबली नाही.

मॅडमची एक पद्धत आहे. दर तीन महिन्यांनी त्या नातेवाइकांना चहाला पाठवतात, खुर्ची ओढून वयस्कर पेशंटच्या शेजारी बसतात आणि विचारतात, "हे पुढे चालू ठेवायचं का? तुम्हाला काय वाटतं?" सुया टोचलेल्या माणसाला असं विचारणं मला निर्दय वाटायचं. या वेळी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "न्हाई. लई झालं, बाई. येक दिस हितं, दुसरा दिस निस्ता निजून. ओट्यावर बसायचं ऱ्हाऊनच गेलं."

"बंद केलं तर फार दिवस मिळणार नाहीत, आजोबा."

"ठावं हाय. पोराला तेवढं तुमी सांगा. मला त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई."

मन खचल्यामुळे ते असं बोलत नाहीत ना, याची मॅडमनी खात्री करून घेतली. आठवड्याने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

मॅडमनी सांगितलं तेव्हा बाळासाहेब भिंतीला टेकून उभे राहिले. "मॅडम, गाव काय म्हणंल? पोरानंच बापाला सोडला म्हणतील."

"गावाला माझं नाव सांगा. आणि मी त्यांना सोडणार नाहीये. घरी येईन."

डायलिसिसचे जे वार होते, त्याच वारी मॅडम निघोज्याला जाऊ लागल्या. दमावर, खाजेवर औषधं देत, बसत. शेवटच्या खेपेला मी बरोबर होते. आजोबा ओट्यावर उशांना टेकून बसले होते.

"पाटबंधारे खातं घरी? काटा न्हाई आनला?"

"नाही आणला, आजोबा."

त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. गेली चार वर्षं त्यांना पाणी मोजून मिळत होतं. तांब्या हातात धरून बाळासाहेब माझ्याकडे बघत राहिले, कारण ते माप मीच ठरवून दिलेलं होतं. मॅडमनी मान हलवली. मीही हलवली. आजोबा चार घोट प्यायले आणि म्हणाले, "बास." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेराव्याला बाळासाहेबांनी आम्हाला बोलावलं होतं. परतताना चाकणच्या चौकात गाडी बराच वेळ अडकली. मॅडम म्हणाल्या, "माझ्यावर अशी वेळ आली तर मुलांना सांग, आधी मला विचारा."

मी हो म्हटलं आहे. हल्ली त्या रजेवर असल्या की खुर्ची मी ओढते. प्रश्नही मीच विचारते.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, अंगात बळ राहो आणि तहान लागेल तेवढं पाणी पिता येवो. तो प्रश्न त्यांना विचारायची वेळ माझ्यावर कधी येऊ नये. आलीच, तर मी आधी खुर्ची ओढून घेईन.