मामाजींच्या जीपचं डिझेल इंजिन

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कमी ऐकू यायला लागलं ते घरात सगळ्यांत आधी जीपला कळलं. पेट्रोलवरची जुनी जीप, त्यांनी तरुणपणी मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली. पावसाळ्यात आमच्या आंजी गावच्या वावराकडे जाणारी पांदण म्हणजे नुसता काळा चिखल, त्यातून तीच जायची. पण तिचं इंजिन फार हळू आवाजाचं. चालू आहे की बंद, हे मामाजींना कळेनासं झालं. चालू इंजिनावरच ते पुन्हा चावी फिरवायचे आणि असं काही कर्रर्र व्हायचं की माझ्या हातातली भाकर तव्याऐवजी चुलीत पडायची.

"बाप्पा बाप्पा! मामाजी, चालू हाये ते!" मी ओरडायची.

"हो बाई, चालूच करून राह्यलो," ते शांतपणे म्हणायचे.

हसण्यावारी नेलं आम्ही. मग एक दिवस नाल्याच्या पुलावर जीप बंद पडली. मी शेजारी बसले होते. मामाजी आपले ॲक्सिलेटर दाबताहेत, गाडी पुढे का जात नाही म्हणून समोर बघताहेत, आणि मागून कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत अंगावर येतोय. त्यांना इंजिन बंद पडलेलं कळेना, की हॉर्न ऐकू येईना. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचलो. घरी येईपर्यंत मला राग असा आला होता की कोणावर काढू ते समजेना.

"बस झालं. जीप इकून टाकतो," आमचे हे म्हणाले. मीही मान डोलावली.

मामाजींनी चावी मुलाच्या हातात दिली आणि ओसरीवर जाऊन बसले. तिथून ते उठेचनात. गुडघ्यांमुळे वावरापर्यंत चालवत नव्हतं, आणि मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. ताट वाढलं तर ताटाकडे बघत राहायचे. वावर सुटलं तसा माणूसच सुटत चालला होता, आणि मी नुसती बघत होते. फार वाईट वाटायचं हो.

इकडे पेट्रोलची जीप कोणी घेईना. वडनेरचा एक गिऱ्हाईक म्हणाला, डिझेल इंजिन बसवून द्या, मग नेतो. तेव्हा यांनी पुलगावहून मिस्त्री आणला. आमच्याच अंगणात निंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधून त्यानं जुनं इंजिन उचललं आणि पोत्यावर ठेवलं. डिझेलचं इंजिन वजनाला भारी, म्हणून ते ज्यावर बसतं ते पाये नवे वेल्ड केले, पुढच्या चाकांच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगात, एकेक पाटा वाढवला. अंगणभर तेल, ग्रीस आणि माझी कटकट.

जीप तयार झाल्यावर मिस्त्रीनं यांना समजावलं, "हे चावीनं बंद होत नाई बरं. ही खालची दांडी ओढा लागते." मामाजी तिथंच उभे होते, पण त्यांना काय ऐकू येणार, आणि विकायच्याच गाडीचं त्यांना कोण सांगत बसतं?

गिऱ्हाईक दुपारी येणार होता, म्हणून मिस्त्रीही थांबला होता. मामाजी सकाळीच दुपट्टा खांद्यावर टाकून मला म्हणाले, "बाई, हळदकुंकू आण."

आमच्या घरची रीतच तशी. विकलेल्या बैलाला कुंकू लावायचं आणि मालकानंच त्याला कासऱ्याला धरून फाटकाबाहेर काढायचं. दुसऱ्यानं काढलं तर बैलाला टाकून दिल्यासारखं होतं, असं मामाजी मानतात. जीपलाही त्यांनी बोनेटवर कुंकू लावलं आणि चावीसाठी मुलापुढे हात पसरला. हे माझ्याकडे बघायला लागले. "द्या जी, मामाजी फाटकापर्यंत तर जाते," मी म्हटलं.

इंजिन धडधडलं. अख्खं पत्र्याचं अंग थरथरायला लागलं जीपचं. मामाजींनी गिअर टाकला, फाटकाबाहेर नेऊन गाडी नीट कडेला लावली, चावी फिरवली, काढली, सवयीनं बंडीच्या खिशात घातली आणि एक पाय खाली सोडला.

तो पाय तसाच थांबला. त्यांनी तो परत आत घेतला. हाताचा पंजा स्टिअरिंगवर ठेवला, कपाळाला आठी घातली.

"अबे, बंद काऊन नाई झाली हे?"

मी, हे आणि मिस्त्री, आम्ही तिघंही त्यांच्या मागे उभे होतो. कोणी तोंड उघडलं नव्हतं, खूण केली नव्हती. मिस्त्रीला काय वाटलं कोण जाणे, तो पुढे गेला आणि बोनेटखाली हात घालून, त्या दांडीची तार ओढून त्यानं इंजिन बंद केलं.

"हां, आता झाली," मामाजी समोर बघत म्हणाले.

यांचा विश्वास बसेना. चावी परत लावून, इंजिन चालू करून, बंद करून, दोनदा पाहिलं. मामाजींना डोळे मिटायला लावलं. चालू की बंद, दोन्ही वेळा बरोबर ओळखलं! "मले काय खुळा समजतं का बे?" मामाजी चिडले. "थरथर पायात लागते नं. बुडाखाली लागते. पह्यलं इंजिन मुकंच होतं ते."

मी पदर तोंडाशी धरून तिथंच रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले, आणि हसलेही. छातीवरचं केवढं ओझं उतरलं ते मलाच ठाऊक. हॉर्न त्यांना अजूनही ऐकू येणार नव्हता, तेव्हा डांबरी सडकेवर जायचं नाही, फक्त पांदणीनं वावरात, हे मी तिथंच बजावून सांगितलं. मोठ्यानं, दोनदा. त्यांनी मान हलवली, पण लक्ष सगळं त्या दांडीकडे. मिस्त्री त्यांना ती ओढायला शिकवत होता.

हे बाजूला जाऊन फोनवर बोलत होते. वडनेरचा माणूस निघाला होता, त्यामुळे तो चांगलाच भडकला असणार. यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"नाई भाऊ, नाई देता येत," हे म्हणाले. "गाडी बाबांले लागते."