चालू लाइन

"होल्ड करा," असं म्हणून काकू उजवा तळहात वर करायच्या आणि समोरचा माणूस, मग तो सोसायटीचा सेक्रेटरी का असेना, गप्प बसायचा. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई. अख्ख्या शहराला थांबवून धरायची सवय होती त्यांना.

कोपरीत आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्या काकांना घेऊन मुलीकडे कल्याणला राहायला गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे कुणी कुणाला गप्प करत नाही, आणि मीटिंगा संपता संपत नाहीत.

काकांना विसरायला व्हायचं. चित्रकलेचे मास्तर, हसतमुख माणूस. पण काकू घरात दिसल्या नाहीत की दार उघडून त्यांना शोधायला निघायचे आणि परतीचा रस्ता हरवून बसायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काकूंना जो सल्ला दिला, तो आठवला की माझं आजही डोकं फिरतं. "बाहेरून कुलूप घाला ना!" एकाने नाही, पाच जणांनी दिला, आणि तोही काळजीच्या सुरात. काकूंनी प्रत्येकाला तळहात दाखवला. "कुलूप सामानाला लावतात," एवढंच बोलायच्या.

त्याऐवजी त्यांनी, साठी उलटल्यावर, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून घरात सर्व्हर बसवला. म्हणजे कपाटावर ठेवलेला एक जुना छोटा कॉम्प्युटर, कायम चालू. त्यात वेगवेगळ्या कामांचे प्लगिन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम. एक औषधाच्या वेळा सांगायचा, एक गॅसवर लक्ष ठेवायचा. पण जीव होता तो दाराच्या प्लगिनमध्ये. काकू बाहेर असताना दार उघडलं, की स्पीकरमधून काकूंचाच आवाज यायचा, "अहो, मी भाजी आणायला गेलेय. आत बसा, आलेच." काका दार लावून आत बसायचे. त्या आवाजाच्या भरवशावर काकूंना दिवसातून एक तास घराबाहेर पडता यायचं. फक्त एक तास.

मग स्क्रीनवर सूचना यायला लागल्या. तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली, नवी चढवा, नाहीतर यापुढे सुरक्षेची हमी नाही. आता तुम्हीच सांगा, घर काकूंचं, खोकं काकूंचं, सगळं सुरळीत चाललेलं. दारात येऊन असं धमकावणाऱ्याला आपण काय म्हणतो? पण तेव्हा मला राग आला नाही. मी एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम बघतो, त्यामुळे मला शहाणपण सुचलं. म्हटलं, नवी चढवून टाकू.

"होल्ड कर," काकू म्हणाल्या. "माझे प्लगिन, माझ्या सेटिंग्ज, त्यांचं काय?"

"काकू, सगळं तसंच राहतं. लिहिलंय इथे."

"ते मीपण वाचलेलं. लिहिणाऱ्याने आमचं दार बघितलंय का?"

त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि मी बटण दाबलं. खोटं कशाला बोलू, त्यांना न विचारता दाबलं. अर्ध्या तासात भलीमोठी हिरवी खूण आली. मी एक गाणं लावून बघितलं, वाजलं. औषधाच्या वेळा जागेवर होत्या. काकू कुरकुरल्या, पण माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी.

दाराचा प्लगिन नव्या सिस्टिमला चालत नव्हता, म्हणून तिने तो परस्पर बंद करून टाकला होता. तसं एका यादीत, पार तळाला, करड्या बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. दुसऱ्या दिवशी काकू मार्केटला गेल्या, काकांनी दार उघडलं, आणि घर मुकं राहिलं.

दोन तास आम्ही कोपरी पालथी घातली. शेवटी काका स्टेशनजवळच्या एका सलूनमध्ये सापडले, गळ्यात टॉवेल, गालांना फेस. सलूनवाला म्हणाला, "काका बोलले, बायको येतेय, तोपर्यंत दाढी करून दे."

काकू त्यांना काही बोलल्या नाहीत. मला बोलल्या, भर जिन्यात.

"आमचं एक्स्चेंज बदललं ना, तेव्हा नवं जुन्याच्या शेजारी उभं केलेलं. कितीतरी महिने दोन्ही होती. आम्ही एकेक नंबर फिरवायचो, समोरून हॅलो ऐकू आलं की मगच वहीत टिक. चालू लाइन कापायची नसते रे! तू आधी कापलीस आणि मग बघितलंस. आणि बघितलंस काय? गाणं!"

चूक माझी होती, कबूल. पण मला सांगा, काही बंद करताना करडी अक्षरं आणि स्वतःची पाठ थोपटताना हिरवी खूण, हा कुठला न्याय?

पहिली सूचना आली त्याच दिवशी काकूंनी जुन्या सिस्टिमची पूर्ण कॉपी काढून ठेवली होती. काका सापडले त्या दुपारीच त्यांनी ती परत चढवली. मग शेजारी माझा जुना लॅपटॉप मांडला, नवी सिस्टिम त्याच्यावर, आणि एकेक प्लगिन तिकडे न्यायला सुरुवात केली. काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय वहीत टिक नाही. यात तीन आठवडे गेले.

दाराचा जुना प्लगिन बनवणाऱ्याने तो वाऱ्यावर सोडला होता. दुसरा शोधला, तर तो स्वतःचा आवाज घेऊन आला. काकांनी दार उघडलं आणि एक परकी बाई बोलली, "दरवाजा उघडला आहे." काका अदबीने म्हणाले, "या, बसा ना," आणि पाहुण्या आल्यात हे काकूंना सांगायला थेट जिन्यात. मला हसू फुटलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी विरलं. वहीत फुली पडली. मग काकूंचा जुना आवाज त्यात घातला, तो केवढा मोठा हवा, दार उघडल्यावर किती सेकंदांनी हवा, सगळं हाताने भरलं.

शेवटची परीक्षा त्यांना खरीखुरी हवी होती. जुनं खोकं बंद केलं. काकू पिशवी घेऊन निघाल्या आणि खाली जिन्याच्या वळणावर थांबल्या. मी वरच्या पायऱ्यांवर. दोघांचेही कान दाराकडे.

दार उघडलं. काकांनी एक पाऊल बाहेर टाकलं. मग आवाज आला, "अहो, मी भाजी आणायला गेलेय. आत बसा, आलेच."

काका थबकले. मान वळवून आत बघत म्हणाले, "सावकाश ये गं. ऊन आहे बाहेर. डोक्यावरून पदर घे." आणि दार लागलं.

आजवर हा आवाज बोलायचा तेव्हा काकू बाजारात असायच्या. त्याला घरात उत्तर मिळतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी खाली गेलो. त्या भयंकर चिडल्या होत्या. "ऐकलंस? इतकी वर्षं नोकरीला जात होते मी. कधी एकदा तरी म्हणालेत का मला, सावकाश ये म्हणून? आणि त्या खोक्याला सांगतायत!"

बोलता बोलता त्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्या दिवशी भाजी मी आणली.