शेवाळातली थोरली

सईनं, माझ्या मुलीनं, विहिरीतलं थेंबभर शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मी डोळा लावला, तर आत अख्ख्या तालुक्याच्या गळ्यात पुरून उरतील एवढ्या हिरव्या मण्यांच्या माळा! मधूनच एखादा मणी फिकट, जाडसर.

"बाबा, तो जाडसर मणी म्हणजे एक पेशी. तिच्यातलं एक प्रथिन तिला कायमचं बदलतं. मग ती विभागत नाही. हवेतला नायट्रोजन पकडून माळेला खाऊ घालते. आणि प्रथिनाचा बारकासा तुकडा शेजारणींकडे धाडते, की तुम्ही नका बदलू, मी आहे ना!"

हे शेवटचं वाक्य मी जन्मल्यापासून घरात ऐकतोय. आम्हा भावंडांची लग्नं झाली, पोरं झाली. थोरली अक्का मात्र ओट्यापाशीच राहिली. तिनं मला वाढलेल्या भाकऱ्या रचल्या तर चंद्राला टेकतील.

गुडघा चोळत अक्कानंही डोकावून पाहिलं. "अगं, पण त्या जाडीला कोण भरवतं?"

"शेजारणी, आत्या. तिला स्वतःची साखर करता येत नाही."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीसाठी पीठ काढलं. अक्का उठू लागली.

"तू नको, मी आहे ना," मी म्हणालो.

"तीच तर भीती आहे," अक्का म्हणाली, आणि पाय पसरून बसली.