तलवाड्याचे चौदा फोन

केदारनाथ शेटे बीडला सुंदररावांच्या बियाणे कंपनीत लागला तेव्हा त्याचं वय एक्केचाळीस होतं. या वयात कुणी नवी नोकरी धरत नाही. पण त्याचा जुना धंदा बसला होता. बारा वर्षं त्यानं अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर एसटीडी बूथ चालवला. वडील रुद्रप्पा यांचं किराणा दुकान धाकट्या भावानं घेतलं आणि केदारनाथनं काचेची ती खोली घेतली. दवाखान्यात माणूस ठेवून आलेले लोक रांगा लावायचे, गावाकडं ओरडून ओरडून बोलायचे. मग खिशाखिशात मोबाईल आला. रांग आटली, आणि एका दसऱ्यानंतर त्यानं बूथचं शटर उघडलंच नाही.

बूथनं त्याला एक गोष्ट मात्र दिली होती. तो कानानं लाईन ओळखायचा. खरखर आली की जोडात पाणी, आवाज लांब गेला की तार कुठंतरी ढिली, आपलाच आवाज परत आला की दोष एक्स्चेंजचा. बीडच्या कंपनीला असाच माणूस हवा होता, कारण कंपनीचे कॉम्प्युटर टेलिफोनवर चालत होते.

ही भानगड लोकांना समजावून सांगता सांगता केदारनाथच्या नाकी नऊ यायचे. कंपनीचे जिल्ह्यात नऊ डेपो. प्रत्येक डेपोत एक कॉम्प्युटर, पण त्यात काहीच नाही. सगळा कारभार बीडच्या ऑफिसातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. डेपोतल्या माणसानं कॉम्प्युटरच्या वेगळ्या लाईनीवरून फोन लावून सर्व्हरला जोडून घ्यायचं. तो इथं बटण दाबणार, काम तिथं होणार आणि झालेल्या कामाचं चित्र तेवढं तारेवरून त्याच्या पडद्यावर येणार. पावतीसुद्धा बीडच्या सर्व्हरवर तयार व्हायची आणि उलट तारेनं येऊन डेपोतल्या प्रिंटरवर छापली जायची. डेपोतले लोक या सगळ्याला एकच नाव द्यायचे. पडदा अडकला की म्हणायचे, बीड गेलं.

"केदारआप्पा, आमचं बीड गेलं," अंबाजोगाईच्या डेपोतून जानकीबाईंचा फोन यायचा.

"कसं गेलं? पडदा काळा झाला का?"

"न्हाई वो. चित्र हाय तसंच हाय. बाण फिरतोय, पण लिवल्यालं उमटत न्हाई."

"मग लाईन तुटली. घाबरू नका. तुमचं अर्धं लिहिलेलं इकडं जागेवर आहे. परत जोडून घ्या, त्याच पानावर याल."

आणि जानकीबाई त्याच पानावर यायच्या. केदारनाथ कधी कुणावर खेकसला नाही. कुणाचा फोन, किती वाजता आला, तक्रार काय, हे तो एका रजिस्टरात लिहून ठेवायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बूथवरची सवय होती, एवढंच.

दोन हजार चारच्या जूनमध्ये छपाई बंद पडायला लागली.

पेरणीचे दिवस होते. आदल्या वर्षी कंपनीच्या नावाच्या बनावट पिशव्या कुणीतरी विकल्या होत्या, म्हणून सुंदररावांनी नियम केला होता की लॉट नंबरची छापील पावती असल्याशिवाय एकही पिशवी डेपोबाहेर जाणार नाही. हातानं लिहिलेली पावती चालणार नाही. त्यामुळं छपाई थांबली की नऊच्या नऊ डेपो थांबायचे. पडदा चालू, काम चालू, पण पावती बाहेर येत नाही. केदारनाथ सर्व्हरवर छपाई सांभाळणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा. धडाधड पावत्या निघायच्या. तास-दोन तास बरे जायचे की पुन्हा तेच. औरंगाबादच्या ज्या माणसानं सर्व्हर बसवून दिला होता, त्यानं फोनवरच सांगितलं, लोड जास्त आहे.

तलवाड्याचा डेपो सगळ्यांत मोठा. तिथं आश्रुबा हा कारकून होता. पन्नाशी ओलांडलेला, आधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम केलेला, कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. समोर दोनशे माणसं पिशव्यांसाठी उभी असायची आणि त्यांच्या शिव्या त्याला खाव्या लागायच्या. छपाई थांबली की तो मिनिटभरात बीडला फोन लावायचा.

"केदारआप्पा, कावून बंद पडतंय हे? लोक माझ्या अंगावर यायलेत."

"बघतो आश्रुबा. पाच मिनिटं द्या."

"पाच मिन्टं तुमाला. इथं एकेक मिन्ट लई जड हाय."

दुसऱ्या आठवड्यात सुंदररावांनी ऑफिसात बैठक घेतली. कंपनीतले सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा पुतण्या अर्जुनराव आष्टीकडचा भाग सांभाळायचा. तोही आला होता. पुण्याला दोन वर्षं राहिलेला आणि कॉम्प्युटरमधलं कळतं अशी ख्याती असलेला. त्यानं केदारनाथचं रजिस्टर मागून घेतलं आणि पानं चाळत उभ्या उभ्या मोजलं.

"अण्णा, हे बघा. आठवड्यात तलवाड्याचे चौदा फोन. बाकी कुणाचे चाराच्या वर नाहीत. म्हणजे बिघाड कुठंय ते उघड आहे. तो म्हातारा एकच बटण दहादा दाबतो, प्रिंटरचा कागद हातानं ओढतो. त्याच्यामुळं सगळं तुंबतंय."

सुंदररावांनी केदारनाथकडं पाहिलं. "काय आप्पा?"

केदारनाथला माहीत होतं की तलवाड्यातून जास्त फोन येतात, कारण तिथं गर्दी जास्त आणि आश्रुबा दर वेळी फोन करतो. बाकीचे कंटाळून गप्प बसून राहतात. पण खरा बिघाड कुठं आहे हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि उत्तर नसताना तोंड उघडायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"फोन चौदा आलेत, हे खरं आहे," तो म्हणाला.

तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी अर्जुनराव तलवाड्याला गेला आणि लोकांसमोर आश्रुबाच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाला. त्याच्या जागी गोदामातला एक माणूस बसवला.

अर्जुनराव आष्टीला परतल्यावर, पुढच्या दिवशी छपाई तीनदा बंद पडली. त्याच्या पुढच्या दिवशी चारदा. बिघाड करणारा माणूस घरी बसलेला असताना बिघाड चालूच होता, पण याबद्दल ऑफिसात कुणी अवाक्षर काढलं नाही. केदारनाथला मात्र ते खटकलं. चौदा हा आकडा त्यानंच लिहिला होता आणि त्याच आकड्यानं एका माणसाची किल्ली गेली होती.

तो रजिस्टर घेऊन सर्व्हरपुढं बसला. आपण काय लिहिलं हे त्यानं पहिल्यांदाच नीट तपासलं. कुणी तक्रार केली ते लिहिलं होतं, कधी केली तेही होतं. तक्रारीच्या आधी काय घडलं होतं, ते मात्र कुठंच नव्हतं. ते सर्व्हर स्वतः लिहून ठेवत होता. कोण किती वाजता जोडला गेला, कोण तुटला, छपाई किती वाजता मेली. त्यानं आठवडाभराच्या नोंदी समोर काढल्या आणि छपाई मेल्याच्या प्रत्येक वेळेआधीचं एक मिनिट पाहत गेला. अकराच्या अकरा वेळा एकच नाव वर होतं. आष्टी, मॅनेजर केबिन.

आष्टीच्या केबिनमध्ये अर्जुनरावाचा कॉम्प्युटर होता. त्यावर पावत्या होत नसत. दिवसातून चार-पाचदा जोडून तो कुठल्या डेपोत किती माल गेला ते नुसतं पाहायचा आणि बंद करायचा. छपाईशी संबंध नाही, म्हणून तक्रारही नाही. रजिस्टरात त्याचं नाव एकदाही नव्हतं.

केदारनाथनं सर्व्हरवरची प्रिंटरांची यादी उघडली. त्यात एक अनोळखी नाव सापडलं. पुण्याहून आणलेला रंगीत प्रिंटर, अर्जुनरावाच्या टेबलावरचा. प्रत्येक प्रिंटरला चालवायला त्याचा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. या प्रिंटरचा ड्रायव्हर कुणीतरी सर्व्हरवर चढवला होता. तारीख होती एकोणतीस मे. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड केदारनाथखेरीज एकाच माणसाकडं होता, अर्जुनरावाकडं.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एका कानाला जानकीबाईंचा फोन लावला, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन अर्जुनरावाला लावला.

"जानकीबाई, चाचणीची पावती छापत राहा. थांबली की सांगा."

"छापायले बघा."

मग मोबाईलवर, "अर्जुनराव, लाईन तपासतोय. एकदा बाहेर पडून परत जोडता का?"

"का नाही," अर्जुनराव म्हणाला. "घ्या, जोडलं."

वीस सेकंदं गेली.

"थांबली वो आप्पा," जानकीबाई म्हणाल्या.

केदारनाथनं छपाई पुन्हा चालू केली. पावत्या निघू लागल्या. अर्जुनरावाला पुन्हा बाहेर पडायला सांगितलं, पुन्हा जोडायला सांगितलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही थांबली. मग त्यानं तो ड्रायव्हर सर्व्हरवरून काढून टाकला आणि चौथ्यांदा जोडायला सांगितलं.

"चालूच हाय," जानकीबाई म्हणाल्या. "दहा झाल्या. थांबू का आता? कागद लई चाललाय."

"थांबा," केदारनाथ म्हणाला.

"लाईन झाली का ठीक?" मोबाईलमधून अर्जुनरावानं विचारलं.

"झाली," केदारनाथ म्हणाला आणि फोन ठेवला. हे खोटं त्याला नंतर बरेच दिवस सलत राहिलं.

दुपारी अर्जुनराव कामासाठी बीडला आला. सुंदररावांच्या खोलीत केदारनाथनं दोघांपुढं सगळं मांडलं. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त वेळा वाचून दाखवल्या आणि सकाळच्या चार वेळा सांगितल्या. आष्टीची केबिन जोडली की सर्व्हर तिथल्या प्रिंटरची जुळणी करायला जातो, त्या सदोष ड्रायव्हरला हात लावतो आणि नऊ डेपोंची छपाई खाली बसते.

अर्जुनरावाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सकाळी माझ्याच हातानं माझी तपासणी केली? न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जोडलं असतं का?"

"पासवर्ड मला अण्णांनी दिलाय. मी चोरी केली का?"

"चोरी कुणीच केली नाही, अर्जुनराव. आश्रुबानंही नाही."

सुंदररावांनी हातातला पेपरवेट टेबलावर ठेवला. "बंद पडायचं थांबलं ना? मग झालं. लाईनचा दोष होता असं लिहून फाईल बंद करा. आश्रुबाला उद्यापासून बोलवा."

"लाईनचा दोष नव्हता, अण्णा," केदारनाथ म्हणाला. "लाईन लिहिली की पुढल्या वर्षी कुणीतरी हाच ड्रायव्हर परत चढवेल आणि आपण टेलिफोनवाल्यांच्या मागं फिरत बसू."

"मग काय ते तुम्ही लिहा. मला वाचायला वेळ नाही," सुंदरराव म्हणाले आणि उठले.

केदारनाथनं दीड पान लिहिलं. नाव कुणाचंच घातलं नाही. ड्रायव्हर, तारीख, चाचणीच्या वेळा, आणि शेवटी एक वाक्य, की तलवाडा डेपोच्या कारकुनाकडून कोणतीही चूक झालेली नाही. त्याची एक प्रत घेऊन तो तलवाड्याला जायला गेवराईच्या एसटीत बसला.

आश्रुबा घराच्या ओट्यावर दोरी वळत बसला होता. बायको बायनाबाई हिनं पाणी आणून दिलं आणि दारातच उभी राहिली. केदारनाथनं कागद वाचून दाखवला. आश्रुबानं तो हातात घेतला नाही.

"तुमच्याच वहीत माझं नाव होतं म्हने."

"होतं. फोन तुमचे आले ते मी लिहिले. बैठकीत मला विचारलं तेव्हा मी आकडा खरा आहे म्हणालो. पुढचं बोलायला पाहिजे होतं, ते बोललो नाही."

"कावून न्हाई बोलले?"

"उत्तर सापडलं नव्हतं. आणि भ्यालो."

बायनाबाई म्हणाली, "अर्ध्या गावादेखत किल्ल्या काढून घेतल्या वो. नातलग इचारायले, काय चोरलंस म्हणून."

"कागद माझ्या घरात वाचून काय उपेग?" आश्रुबा म्हणाला. "जिथं बोलले तिथं बोला. मग येतो मी कामावर. न्हाईतर न्हाई."

केदारनाथला लोकांपुढं बोलायची सवय नव्हती. बारा वर्षं तो काचेआड बसून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत आला होता. पण तो उठला. दोघं चालत डेपोवर गेले. शंभर-सव्वाशे माणसं होती. केदारनाथ डेपोतल्या वजनकाट्याच्या फळीवर चढला आणि कागद वाचू लागला. तिसऱ्या ओळीत मागून कुणी ओरडलं, "मोठ्यानं बोल की बे!" त्यानं कागद खिशात घातला.

"छपाई बंद पडायची ती बीडच्या सर्व्हरमधल्या बिघाडानं," तो मोठ्यानं म्हणाला. "आश्रुबाची त्यात काहीच चूक नव्हती. ते पयल्यापासून खरं सांगत होते. चुकलो आमी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढचा एक जण म्हणाला, "बरं झालं. आता पिशव्या सोडा." आश्रुबानं गोदामवाल्याकडून किल्ल्या घेतल्या, खुर्ची पुसली आणि कामाला बसला.

त्यानंतर सर्व्हरवर परवानगी दिलेल्या प्रिंटरांशिवाय दुसरा कुठलाच प्रिंटर जोडला जाणार नाही, अशी सोय केदारनाथनं केली. मुख्य पासवर्ड बदलला आणि बंद पाकिटात घालून सुंदररावांच्या कपाटात ठेवला. अर्जुनराव वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा नव्या कॉम्प्युटरबद्दल बोलला, जसं मधे काही घडलंच नव्हतं. त्या वर्षी सगळ्यांचे पगार वाढले, केदारनाथचा वाढला नाही. 

दोन वर्षांनी कंपनीनं सर्व्हर पुण्याला हलवला. केदारनाथलाही तिकडं बोलावलं होतं, पण आई बसम्माला अंबाजोगाई सोडवेना. तो परत गेला आणि तिथल्या एका खासगी दवाखान्याचे फोन आणि कॉम्प्युटर सांभाळू लागला. आश्रुबाशी त्याची मैत्री वगैरे कधी झाली नाही. एकदा आश्रुबा सुनेच्या बाळंतपणासाठी त्याच दवाखान्यात आला, तेव्हा दोघं चहाला बसले. पाऊसपाण्याचं बोलले, कारखान्याच्या नव्या काट्याचं बोलले. बियाणे कंपनीचा विषय दोघांनीही काढला नाही. आश्रुबानं चहा संपवला, टोपी नीट केली आणि नातू बघायला जिना चढून वर गेला.