वाल्देकचं उट्टं

वाल्देक आता फार दिवसांचा सोबती नाही, हे कळल्यावर संध्याला वाईट वाटलं नाही. बरं झालं, असंच ती मनात म्हणाली. ज्या माणसामुळे आपल्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याच्यासाठी रडायला ती काही संत नव्हती. उलट घाईच झाली तिला. त्याने डोळे मिटायच्या आत त्याच्या तोंडावर चार शब्द सुनावून यायचे, एवढ्यासाठी तिने रजा टाकली आणि गाडी काढून थेट स्लायगोचं हॉस्पिटल गाठलं.

आता हा वाल्देक कोण, ते सांगायला हवं. पूर्ण नाव वाल्देमार, गाव पोलंडमधलं लोम्झा. पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर जी माणसं बॅगा उचलून आयर्लंडला आली, त्यातला हा एक. आधी मांसाच्या कारखान्यात गारठ्यात उभा राहिला, मग मश्रूमच्या शेडमध्ये वाकून वाकून पाठ घालवली, आणि शेवटी स्लायगोजवळ सिरिंजा बनवणाऱ्या फॅक्टरीत मशीनवर लागला. बायको हालिना वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायची. मूलबाळ नाही. माणूस तिरसट. ‘कसं काय’ म्हटलं की इथली माणसं ‘ग्रँड’ म्हणून पुढे सरकतात. हा थांबायचा आणि खरंच सांगायचा, की गुडघा ठणकतोय, कॅन्टीनचं सूप पाणचट आहे आणि साहेब गाढव आहे. कुणाचे उपकार घ्यायचा नाही, आणि कुणी केलेला अपमान विसरायचा तर मुळीच नाही. फक्त संध्याशी त्याचं जमायचं. ती नागपूरची, त्याच फॅक्टरीत क्वालिटी इंजिनिअर. तो तिला खारवलेल्या काकड्यांची बरणी द्यायचा, ती त्याला लिंबाचं लोणचं.

मग तो अपघात झाला. त्या मशीनचं दार उघडलं की मशीन आपोआप थांबतं, म्हणून तर माणूस आत हात घालतो. संध्याने दार उघडलं, अडकलेला तुकडा काढायला हात घातला, आणि मशीन थांबलंच नाही. कुणीतरी दाराचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला होता. वेळ वाचतो ना. शुद्ध हरपण्याआधी तिला शेवटचं दिसलं ते एवढंच, की वाल्देक समोर उभा आहे आणि त्याच्या हातात ती पट्टी लोंबतेय.

शिफ्ट मॅनेजर फिन्टनने लगेच आळ घेतला, की पट्टी वाल्देकनेच लावली. फिन्टन म्हणजे गावचा लाडका, पोरांच्या फुटबॉल टीमचा कोच, चर्चमध्ये पहिल्या बाकावर. वाल्देकच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला कोण विचारतो? त्याला हाकलला. पुढे कुणी धड काम दिलं नाही. दुकानात बायका हालिनाकडे पाठ फिरवायच्या, ‘तोच तो, इंडियन पोरीची बोटं घालवणारा’ म्हणून. आणि संध्यानेही त्याच्याशी पुन्हा शब्द बोलायचा नाही, असं ठरवून टाकलं.

तर हॉस्पिटलात ती दात-ओठ खातच शिरली. बघते तर एवढा दांडगा माणूस, पण पार चिपाड झालेला. तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “फिन्टनने लावली होती. मी ती ओढून काढली, तेव्हा कुठे मशीन थांबलं. नाहीतर तुझा पंजा राहिला नसता.”

“आणि हे आज सांगतोस?”

“तेव्हाच सांगितलं होतं. सगळ्यांना. तीन वेळा तुझ्या दारात आलो. तू दार उघडलं नाहीस.”

फॅक्टरीतल्या दोघा-तिघांनी फिन्टनला पट्टी लावताना पाहिलं होतं, हेही त्याने सांगितलं. नोकरीच्या भीतीने सगळे मिठाची गुळणी धरून बसले. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तिथल्या तिथे उठून फिन्टनचा गळा धरावा.

“त्या मेल्याला तुझ्या मयताच्या आसपास फिरकू देणार नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे वैऱ्याला खांदा देऊ देत नाहीत.”

वाल्देक हसला. हसताना त्याला खोकला आला. “नाही. त्याला खांदा द्यायलाच बोलवायचं. सगळ्यात पुढे. आणि त्याच्या जोडीला तू.”

पुढच्या आठवड्यात वाल्देक गेला. हालिनाने पुढचा खांदा द्यायला ये असा निरोप धाडला तेव्हा फिन्टनचे डोळे पाणावले म्हणे. ‘वाल्देकने मला माफ केलं, मोठ्या मनाचा माणूस,’ असं तो गावभर सांगत सुटला. मोठं मन म्हणे! नागपूरहून आई फोनवर कळवळली, “अगं, बाईमाणूस कधी खांदा देतं का?” संध्या म्हणाली, “आई, ही बाई देणार.” आणि मयताच्या आदल्या दिवशी ती फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये एकेकापाशी जाऊन बसली. ज्यांनी तेव्हा तोंडाला कुलूप घातलं होतं, त्यांना तिने एवढंच सांगितलं, की उद्या फिन्टनच्या जागी लागायची पाळी तुमची, तेव्हा फक्त हात खिशात ठेवा.

त्या गावात चर्चपासून स्मशानापर्यंत चढ आहे, आणि शवपेटी खांद्यावरूनच नेतात. जोडीतली माणसं पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. वाटेतल्या शेतांच्या प्रत्येक फाटकाशी दुसरा माणूस येऊन तुमच्या जागी लागतो. कुणी आल्याशिवाय आपण होऊन बाजूला होणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न उरणं. वाल्देकने पेटी ओकची सांगून ठेवली होती, चांगली जाडजूड.

उचलली. संध्याचा उजवा हात, तीन बोटांचा, फिन्टनच्या मानेशी जाऊन बसला. तो दचकला, पण हलतो कुठे?

पहिलं फाटक आलं. मागचे चौघे बदलले. संध्याच्या जागी आलेल्याला तिने मान हलवून परत पाठवलं. फिन्टनच्या बाजूला कुणीच आलं नाही. त्याने डोळ्यांनीच खुणावलं. फॅक्टरीतली माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, खिशात हात घालून. दुसऱ्या फाटकाशीही तेच. फिन्टनच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता आणि तो पुसायची सोय नव्हती.

“यांना झालंय काय?” तो धापा टाकत म्हणाला.

“त्यांना सगळं ठाऊक आहे,” संध्याने शांतपणे त्याच्या कानात सांगितलं, आणि तीन बोटांनी मान दाबली. “तोंड उघड, की बदली येईल.”

तो चालत राहिला. तिसऱ्या फाटकाशी तो अडखळला. पेटी एका बाजूला कलली, मागे गलका झाला, सगळी अंत्ययात्रा थांबली.

“मी लावली होती,” तो पुटपुटला. “ती पट्टी. मीच लावली होती. वाल्देकने नाही.”

पेटीमागून चालणारी हालिना पुढे आली. काळा रुमाल काढून तिने फिन्टनच्या कपाळावरचा घाम नीट टिपला. मग मागे वळून, चर्चपर्यंत पसरलेल्या साऱ्या गावाकडे एकदा पाहिलं.

“परत सांग,” ती म्हणाली. “शेवटच्या माणसाला ऐकू गेलं नाही.”