सहीपुरते तात्या

फोन तीनदा वाजला आणि तीनदाही मी उचलला नाही. लवळ्याच्या चढावर आमची पोरं सायकली दामटत होती, मी मोटारसायकलवर त्यांच्या मागे होतो, आणि गाडी चालू असताना फोनला हात लावायचा नाही हा आमच्या संघाचा नियम. नियम तात्यांचा. चढ संपल्यावर गाडी कडेला घेतली, फोन लावला. पलीकडून तात्यांच्या घरच्या काकू एवढंच म्हणाल्या, "म्यानेजर, तात्या गेलं रं..." सकाळी शेताकडे निघाले होते, छातीत कळ आली म्हणून बांधावर बसले, ते बसलेच. माझ्याआधी सगळ्या नेरे गावाला कळलं होतं. आज दीड महिना झाला. मला त्या उशिराबद्दल तात्यांशी कडकडून भांडायचंय, आणि भांडायला माणूस जागेवर नाही.

तात्या आमचे घरमालक. सायकल शर्यतींशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. बरीचशी जमीन विकून झालेली, उरलेल्या तुकड्यात भात, आणि रस्त्याच्या कडेला बांधलेल्या दहा खोल्या. हिंजवडीत नोकरी करणारे आम्ही परगावचे लोक त्यांचे भाडेकरू. मी लातूरचा. चांगली चाललेली नोकरी सोडून मी सायकलपटूंचा व्यावसायिक संघ काढायला निघालो, तेव्हा तात्या म्हणाले, "डोकं फिरलंय व्हय तुजं?" आणि दुसऱ्याच दिवशी पोरांसाठी तीन खोल्या रिकाम्या करून दिल्या. असा माणूस.

व्यावसायिक संघ म्हणून मोठ्या शर्यतींत उतरायचं तर परवाना लागतो, आणि तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. करार, विमा, डॉक्टरांचे दाखले अशी ही जाड फाईल. तिच्यात एक रकाना होता : सुरक्षा अधिकारी, नाव आणि सही. पाच पोरं आणि एक मोटारसायकल एवढा आमचा संसार, त्यात अधिकारी कुठून आणू? अर्जाचा शेवटचा दिवस होता. तात्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी कागद पुढे केला. "तात्या, नुसती सही करा. कागदापुरतं आहे."

"काय लिवलंय?"

"काही नाही हो..."

"काय न्हाई तर सही कशाला पायजे?"

मग वाचून दाखवावंच लागलं. सरावात आणि शर्यतीत पोरांच्या जिवाची काळजी या माणसाने घ्यायची, धोका दिसला तर थांबवायचं, वगैरे. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर कोरत सही केली. माझं काम झालं. मी सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता दार वाजलं. तात्या उभे, डोक्यावर टोपी, हातात काठी. "चल, उतार दाव." पोरं ज्या घाटातून सायकली सोडतात तो अख्खा उतार त्या माणसाने पायी तपासला. दर आठवड्याला तपासायचे. घमेल्यात फक्की घेऊन प्रत्येक खड्ड्याभोवती पांढरं रिंगण काढायचे, क्रिकेटच्या मैदानावर आखतात ना, तसं. अवघड वळणावरच्या दगडी कठड्याला घरच्या भाताचा पेंढा खताच्या गोण्यांत ठासून लावायचे. म्हशी कधीच विकलेल्या, तरी पेंढा विकू द्यायचे नाहीत. येणारेजाणारे विचारायचे, "काय तात्या, लगीन हाय का रस्त्याचं?" मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

आणि मग ती शर्यत आली. परवाना देणाऱ्यांची माणसं संघ बघायला येणार होती. पाचही पोरं उभी राहिली तरच संघाला शर्यत सुरू करता येणार होती. आदल्या दिवशी सरावात सागर पडला. आमचा सगळ्यात वेगवान पोरगा. उठला, हसला, "काही नाही सर" म्हणाला, आणि मला ते हवंच होतं. पाचही जण तंदुरुस्त असल्याचं लिहून मी मोकळा झालो. शर्यतीच्या सकाळी खोली झाडताना काकूंना खाटेखाली हेल्मेट सापडलं. मागच्या बाजूला उभी चीर गेलेलं.

तात्या ते हेल्मेट काखेत मारून रिक्षाने सुरुवातीच्या जागी आले. माझ्याशी बोललेच नाहीत, सरळ सागरपुढे उभे राहिले. "सकाळी काय खाल्लंस रं?"

"पोहे, तात्या."

"तांदळाच्या भाकरी व्हत्या."

मी म्हटलं, "अहो, गडबडीत विसरतं माणूस!"

"चार खाल्ल्या त्यानं! काकूकडनं मागून मागून! आन इसरला?" त्यांनी सागरच्या पाठीवरचा नंबर सोडायला घेतला. "हा न्हाई जायचा. कागदावर माजी सही हाय."

मी भडकलो. दहा माणसांदेखत ओरडलो, "तुमची सही नुसती कागदापुरती होती! तुम्हाला कोण विचारतंय इथं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं... आणि नंबर सोडून पंचांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आम्ही सुरुवात केलीच नाही. त्या वर्षीचा परवाना गेला.

सागरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, विसरणं त्याचंच लक्षण, दीड महिना विश्रांती, मग बरा होईल. आणि झालाही. आता एवढं ऐकून माणसाने हात जोडावेत की नाही? मी तात्यांना काय म्हणालो माहीत आहे? "बघा, काही मोठं नव्हतं." ते म्हणाले, "न्हाई ना? मंग बेस झालं." एवढंच. त्यावर मी चार महिने त्यांच्याशी धड बोललो नाही. आता कळतं, काही झालं नाही हेच त्यांना हवं होतं, आणि तेवढ्याचाच मला राग होता.

पुढच्या वर्षी पुन्हा फाईल, पुन्हा तोच रकाना. मी ओट्याशी गेलो. ते म्हणाले, "नुसती सही का?" मी म्हटलं, "नाही तात्या." परवाना मिळाला. पण त्या दिवशीच्या शब्दांबद्दल माफी मागायची राहिली. आज मागू, उद्या मागू, दिवाळीला मागू. तोंड उघडलं की हवापाण्याचं बोलायचो.

परवा काकूंपाशी बसून हे सगळं ओकलो. त्या म्हणाल्या, "मला त्याच दिशी सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनले, म्यानेजर तापलाय, पोरांसाठी लई स्वप्नं बगितल्यात त्यानं. निवंल." मला रडू आवरेना. काकू उठल्या आणि पडवीतलं घमेलं माझ्यासमोर आणून ठेवलं. निम्मी फक्की शिल्लक होती, वर त्यांची काठी आडवी.

यंदाचा अर्ज टेबलावर आहे. त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलंय, सही केलेली नाही. घमेलं मोटारसायकलला बांधून ठेवलंय. उद्या सकाळी उतार पायी तपासून येतो, मग करीन.