माझ्या साडूंचा काळ्या

जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर एवढा जीव लावणारा माणूस आमच्या गडचिरोलीकडच्या अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा नसेल. देवावर जीव लावणारे गावोगाव आहेत. पण देवाची निदान मूर्ती असते. कुरखेड्याला राहणाऱ्या माझ्या साडूंनी जीव लावला तो मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, पार गुरूकडच्या कडेला फिरणाऱ्या एका काळ्याकुट्ट लघुग्रहावर. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. साडूंना हा त्याचा अपमान वाटला, म्हणून त्यांनी घरच्या घरी त्याचं बारसं केलं आणि ‘काळ्या’ असं नाव ठेवलं. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं मोजणीचं काम केलेला हा माणूस आल्यागेल्याच्या हातावर आधी कोळशाचा खडा ठेवतो, मग पाणी विचारतो. “पाहा साडूभाऊ, असाच काळा आहे तो. उजेड पडला का गिळून टाकते. म्हणून तं कोणी त्याच्याकडं पाहत नाई.”

काळ्या गोल नसून बटाट्यासारखा असावा असं त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि त्या दिवसापासून आठवडी बाजारातली त्यांची बटाट्याची खरेदी तासाभराची झाली. ढिगातून एकेक बटाटा उचलायचा, उन्हात धरायचा, हळूहळू फिरवायचा. एकदा भाजीवाल्या बाईचा धीर सुटला. “भाऊ, भाजी करता का याचं लग्न लावता?” साडू शांतपणे म्हणाले, “बाई, सावली पाहून राह्यलो याची.” ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, हे सगळं मला सांगतात तेव्हा हसावं की रडावं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. “तुमच्या साडूले सासऱ्याचं नाव विचारा, दोन घडी थांबतील. काळ्याचं सारं पाठ आहे.”

मागच्या हिवाळ्यात मात्र साडूंच्या घरी खरोखरच लगीनघाई उडाली. काळ्या एका ताऱ्याच्या समोरून जाणार होता आणि त्याची सावली, अंदाजाप्रमाणे, नेमकी कुरखेड्यावरून सरकणार होती. सावलीत बसलेल्याला तारा काही सेकंद विझलेला दिसतो. ठिकठिकाणच्या लोकांनी ते सेकंद मोजले की काळ्या केवढा आणि कसा, हे कळणार होतं. साडू सावलीच्या मधोमध, स्वतःच्या अंगणात बसणार होते. ताईंना त्यांनी छोटी दुर्बीण देऊन आमच्याकडे गडचिरोलीला पाठवलं. “तुमच्याइथी काई दिसणार नाई,” ते मला फोनवर म्हणाले, “पण कडेलेही माणूस पाहिजे. अन् मोजण्यात हिचा हात कोणी धरत नाई.”

संध्याकाळी साडेसातला आम्ही गच्चीवर होतो. ताईंनी पदर खोचून दुर्बिणीला डोळा लावला. फोनवर आवाज टिपणं चालू होतं. एकाएकी ताई म्हणाल्या, “गेली.” डोळा तसाच दुर्बिणीला. “आली.” सात सेकंद झाले होते. ताईंनी डोळा काढला आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. “खरंच विझली जी! मले वाटलं, हे उगाच सांगतात.”

मी घाईने साडूंना फोन लावला. ते म्हणाले, “माह्याइथी नाई विझला.” सावली अंदाजापेक्षा दक्षिणेला, आमच्या गडचिरोलीकडे सरकली होती. तीन महिने तयारी केलेला माणूस कोरडा राहिला होता आणि ताऱ्याला ‘ती’ म्हणणाऱ्या ताईंना काळ्या भेटून गेला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, “भाऊ, तुम्हीपण चार-पाच सेकंद लिहून टाका. कोण तपासायला येतंय?”

“साडूभाऊ,” ते म्हणाले, “खाणीत जिथी छताले आधार नाई तिथी आहे म्हणून लिहिलं असतं, तं खालचे माणसं मेले असते.” आणि त्यांनी वहीत लिहिलं: कुरखेडा, आकाश स्वच्छ, तारा विझला नाही.

दीड महिन्याने, सगळ्यांची मोजणी गोळा करणाऱ्या अभ्यासकांचं पत्र आलं. सोबत काळ्याचं चित्र होतं आणि त्यावर मोजणाऱ्या प्रत्येकाची एकेक रेघ. दक्षिणेकडे बसलेल्यांच्या आणि ताईंच्या रेघा त्याला छेदून जात होत्या. वरची एक रेघ मात्र त्याला न लागता निघून गेली होती. ती साडूंची. काळ्याचं अंग या रेघेच्या आत संपतं, हे त्या एका ‘विझला नाही’मुळे ठरलं, असं पत्रात लिहिलं होतं. साडूंनी गावभर पेढे वाटले. कोणी विचारलं, “काय दिसलं भाऊ?” तर अभिमानाने सांगायचे, “काईच नाई.” ताईंचा शेरा वेगळा होता. “सारे जाऊन त्याले धडकले, हे एकटेच बाजूनं निंगून गेले. लग्नात जेवाच्या पंगतीतही यांचं असंच होते.”

परवा कुरखेड्याला गेलो होतो. साडूंच्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय. दुर्बिणीला ताई बसतात, काय दिसतं ते सांगतात, आणि साडू वहीत उतरवतात, अगदी ताईंच्याच शब्दांत. काळ्याची सावली आपल्या हयातीत पुन्हा इकडे पडायची नाही, हे त्यांनी मला चहा पिता पिता सहज सांगितलं. मी विचारलं, “आता कुठं असेल तो?” त्यांनी सागाच्या शेंड्यांवरच्या रिकाम्या आभाळाकडे हात केला. तिथे काहीच नव्हतं. त्यांना तर हातापुढचं झाडही धड दिसत नव्हतं. तरी आम्ही तिघं बराच वेळ तिकडे पाहत राहिलो.